शेजारणीच्या पत्रातले उसने शब्द

प्रेमाच्या कादंबऱ्यांविषयी माझं मत कुणी विचारलं, तर मी विषय बदलते. विचारणाऱ्याला वाटतं, मास्तरांची बायको, हिला त्या हलक्या वाटत असतील. तसं नाही. एके काळी मी त्यांच्यावर जीव टाकत होते, आणि माझ्या त्या वेडापायी एका मुलीचा संसार मोडला.

लग्न होऊन नंदुरबारला आले तेव्हा मी अठरा वर्षांची होते. तीस सालाच्या पुढची ती वर्षं. हे प्राथमिक शाळेत मास्तर. घरात सासू नाही, नणंद नाही. हे शाळेत गेले की संध्याकाळपर्यंत मी आणि भिंती. माझं मराठी सातवीपर्यंत शिक्षण झालेलं, म्हणून हे दर शनिवारी वाचनालयातून माझ्यासाठी एक कादंबरी आणत. स्वतः कधी उघडून पाहत नसत. "संपली का?" एवढंच विचारत.

त्या काळच्या कादंबऱ्या बहुतेक पुण्याच्या नाहीतर मुंबईच्या. नायक विलायतेहून आलेला, नायिका पेटीवर गाणारी. दोघांची चुकामूक व्हायची, मग ती आजारी पडायची आणि शेवटच्या प्रकरणात तो धावत यायचा. त्यांत स्वयंपाक कुणी करत नसे, धुणं कुणी धूत नसे. दुःख झालं की ढग भरून यायचे. मला ते सगळं फार खोल वाटायचं. मी पदराला डोळे पुसत वाचायचे आणि मनात म्हणायचे, माणसाचं मन असं असतं. आपल्यालाच ते जमलेलं नाही.

शेजारी मारवाडी कुटुंब होतं. त्यांची धाकटी सून सोळा-सतरा वर्षांची. मारवाडातल्या कुठल्याशा खेड्यातून आलेली, अक्षरओळख नाही. अहिराणी मात्र ती कामाला येणाऱ्या बायकांकडून झटपट शिकली होती. नवरा काकांच्या पेढीवर सुरतेला, वर्षातून दोनदा घरी यायचा. दुपारी तिची सासू आडवी झाली की ती मिरच्यांनी भरलेलं सूप घेऊन आमच्या मागच्या पडवीत यायची. ती देठं खुडायची आणि मी वाचायचे. पुस्तकातलं मराठी तिला अवघड जायचं, म्हणून एकेक पान वाचून मी ते अहिराणीत सांगायचे. सासूला वाटायचं, मास्तरीण देवाधर्माचं काही वाचते. आम्ही तो समज दूर केला नाही.

ती ऐकायची फार मन लावून, पण मधेच असं काही विचारायची की मी चिडायचे. एकदा नायिका चार पानं रडत होती. तिनं खुडता हात थांबवला.

"बाई, रडाले तिले इतका येळ कोनी दिधा?"

"अगं, तिला दुःख झालंय."

"दुःख तं व्हईच. पन घरमा कोनी हाक मारी नही का तिले?"

मी म्हटलं, "तू ऐक मुकाट्यानं." तिला यातली खोली कळत नाही, असं मला वाटलं. दोन वर्षं मी तिला वाचून दाखवलं आणि दोन्ही वर्षं मला असंच वाटत राहिलं.

मग एक दिवाळी अशी आली की नवरा घरी आला नाही. पेढीवर काम आहे, असं त्यानं वडिलांना कळवलं. तिच्यासाठी निरोप नव्हता. माघ उजाडला तरी तो नाहीच. एका दुपारी ती आली ती सूप न घेताच. बसली आणि म्हणाली, "बाई, माले एक चिठ्ठी लिखी द्या. त्यास्ले मराठी वाचता येस."

मी हरखले. दौत-टाक घेऊन बसले आणि म्हटलं, "सांग, काय लिहू?"

ती पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरू लागली. मग म्हणाली, "लिखा, तुम्ही गयात तैपासून या घरमा मन्हासंगे कोनीच बोलत नही. मन्हाच आवाज माले याद ऱ्हात नही."

एवढंच. मी पुढच्या वाक्याची वाट पाहिली. ते आलं नाही. मला ते फारच रोडकं वाटलं. नवऱ्याला लिहायचं पत्र आणि त्यात ना प्रेम, ना विरह! मी म्हटलं, "थांब, मी नीट लिहिते." आणि परवाच संपवलेल्या कादंबरीतलं नायिकेचं पत्र समोर धरून मी लिहीत गेले. ही दासी विरहाग्नीत अहोरात्र होरपळते आहे, चंद्रकिरण निखाऱ्यांसारखे भासतात, आपल्या बाहुपाशावाचून या देहाला दुसरा आसरा नाही. दोन पानं झाली. वाचून दाखवलं तेव्हा ती गोंधळली.

"हाई तं मी बोलनूच नही, बाई."

"पत्रात असंच लिहायचं असतं."

तिनं मान डोलावली. शिकलेली मी होते. पेढीचा पत्ता असलेलं सासऱ्यांचं एक पाकीट तिनं आणलं, त्यावरून मी पत्ता उतरवला आणि मीच ते पत्र पेटीत टाकून आले.

पेढीवर येणारी सगळी पत्रं काका उघडतात, हे तिला ठाऊक नव्हतं. मला कुठून असणार? आठ-दहा दिवसांत ते पत्र दुसऱ्या पाकिटात बसून तिच्या सासऱ्यांकडे परत आलं. लिहिता न येणाऱ्या सुनेचं पत्र, आणि त्यात असले शब्द. ते कुठल्या तरी पुरुषानं लिहून दिलं असणार, असंच घरात सगळ्यांनी धरलं. पुरुष शोधायलाही लांब जावं लागलं नाही. शेजारी मास्तर होते.

तिच्या घरातून आवाज ऐकू आले तशी मी तिथं गेले. सासू दारातच उभी होती, पत्र हातात.

"हे मी लिहिलंय," मी म्हटलं. "अक्षर बघा माझं."

"अक्षर तुमनं व्हई," ती शांतपणे म्हणाली. "पन शब्द कोना शेतस?"

शब्द कुणाचे ते दाखवायला हवं होतं. मी घरी पळाले, कादंबरी घेऊन आले, पान काढून दाखवलं. सासूच्या मोठ्या मुलानं ओळीवर बोट ठेवून पत्र आणि पुस्तक ताडून पाहिलं. माझ्या नवऱ्यावरचा आळ तेवढ्यानं गेला. मुलानं ते शब्द आईला समजावून सांगितले. बाहुपाश या शब्दाशी तोही अडखळला. सासूनं डोक्यावरून पदर पुढे ओढला आणि विचारलं, "म्हंजे दोन वरीस तुम्ही मन्ही सूनले हाईच वाची दाखाडी ऱ्हायनात?"

स्वतःच्या घराला वाचवायला मी जे पुस्तक नेलं, त्यानंच त्या मुलीला बुडवलं.

चार दिवसांनी तिला माहेरी धाडायचं ठरलं. थोड्या दिवसांसाठी, असं म्हणाले. निघायच्या दिवशी सकाळी ती विहिरीवर भेटली, घटकाभरच. डोळे सुजलेले नव्हते. मी काहीबाही बोलू लागले, माझं चुकलं म्हणाले. ते तिनं ऐकलंच नाही.

"बाई, त्यास्नी वाचं का ते?"

"मला माहीत नाही गं."

तिनं घागर उचलली आणि गेली. दीर तिला गाडीत बसवून घेऊन गेला. त्यानं ते पत्र वाचलं की नाही, हे मला कधीच कळलं नाही.

हे मला एक शब्द बोलले नाहीत. शनिवारी पुन्हा कादंबरी आणून फळीवर ठेवली. मी ती उघडली. दुसऱ्याच पानावर कुणीतरी विरहानं व्याकूळ होत होतं. कागदावरच्या बायांसाठी मी ढसाढसा रडले होते. तिच्यासाठी मला रडू येईना. भाकऱ्या करायच्या होत्या, त्या केल्या. पुढेही पुस्तकं येत राहिली, मी ती न वाचताच परत देत राहिले. "संपली का?" असं ह्यांनी विचारलं की मी हो म्हणायचे. प्रेमाची वर्णनं करणाऱ्या त्या लेखकांवर मी बरेच दिवस चिडले होते. पण सुनेची ती दोन वाक्यं त्यांच्यापैकी कुणी खोडली नव्हती. ती मी खोडली.

वर्षा-दीड वर्षानं तिच्या नवऱ्यानं दुसरी बायको केली. पहिलीचं काय झालं, विचारलं तर बायका विषय टाळायच्या. एक म्हणाली, भावाच्या घरी राहते. एक म्हणाली, गेली. खरं कुठलं, ते आजवर मला कळलेलं नाही.

नवी सून मराठी शाळेत चार इयत्ता शिकलेली होती. नवरा अजूनही सुरतेलाच असायचा. एका दुपारी तिनं भिंतीवरून डोकावून हाक मारली. "बाई, तुमच्याकडे वाचायला पुस्तकं असतात म्हणे?"

मी मिरच्या वाळत घालत होते. "नाही," म्हटलं, "आमच्याकडे नसतात."

ती आणखी थोडा वेळ तिथंच उभी होती. काहीतरी बोलायचं असावं. मी सूप उचलून आत गेले आणि कडी लावली. त्यानंतर नऊ वर्षं आम्ही शेजारी राहिलो, पण तिनं मला पुन्हा हाक मारली नाही.