वफ्रात आम्ही सात मोजले

आधीच सांगतो, असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. अजूनही नाही... आणि हीच माझी अडचण आहे. विश्वास असता तर कुणाकडून तरी गंडा-ताईत बांधून घेतला असता आणि मोकळा झालो असतो. या सदरातले अनुभव मी वर्षानुवर्षं वाचत आलोय आणि दर वेळी बायकोला म्हटलंय — "काय एकेक लोक असतात!" आता मीच लिहायला बसलोय. नावं बदलली आहेत, बाकी जसं घडलं तसं.

मी नाशिकचा. सतरा वर्षं कुवेतमध्ये आहे, तेल कंपनीत सेफ्टी इंजिनिअर, राहायला सालमियात. आमच्याकडे आगीचा किंवा गॅसचा अलार्म झाला की सगळ्यांनी ठरलेल्या जागी जमायचं आणि डोकी मोजायची. याला मस्टर म्हणतात. नव्या पोरांना मी पहिल्याच दिवशी बजावतो — नुसत्या 'हजर'वर विसंबू नका, चेहरा बघा, मगच टिक करा. आवाज कुणीही देतं.

हीच सवय मी घरच्या सहलींना लावली. सुट्टीच्या दिवशी आम्ही दोन कुटुंबं दोन गाड्या काढून कुठेतरी जायचो. आम्ही तिघं — मी, बायको केतकी, चौदा वर्षांची सई. आणि वरच्या मजल्यावरचे सलीमभाई, नाझिमाभाभी आणि त्यांची मुलगी झोया. सलीमभाई दापोलीकडचे, इथे त्यांचं गाड्यांच्या पार्ट्सचं दुकान आहे. निघण्याआधी प्रत्येकाने आपला नंबर ओरडायचा. मी एक, केतकी दोन, सई तीन, पुढे त्यांचे तिघं, झोया शेवटची, सहा. सगळे माझी टर उडवायचे, पण ओरडायचे.

या वर्षी आई आली. मधली काही वर्षं व्हिजिट व्हिसा बंदच होता, त्यामुळे लेकाचं घर बघायला तिला एकाहत्तरी गाठावी लागली. एरवी ती नाशिकला माझ्या धाकट्या बहिणीकडे, वर्षाकडे असते. असायची. वर्षाने गोळ्यांच्या डब्यांवर वार लिहून दिले होते आणि विमानतळावरून फोन केला होता — "दादा, तिला एकटीला कुठे सोडू नकोस हं. काही होत असलं तरी ती तोंडाने सांगत नाही." आमच्या टोळीत आईला नंबर मिळाला, सात.

सईला ईदच्या सुट्टीत खरं तर स्पेनला जायचं होतं. तिच्या वर्गातली एक मुलगी तिथल्या कुठल्याशा प्रसिद्ध बीचवर राहून आलेली. त्या बीचवरून एका दिवसात जाऊन येता येतील अशा जागांची यादीच सईने फ्रिजवर चिकटवली होती — डोंगरातलं गाव, धबधबा, झुकझुक गाडी. व्हिसाची अपॉइंटमेंटच मिळाली नाही. मग दोन्ही घरांनी मिळून खिरानला समुद्रकाठचं एक सुट्टीचं घर तीन दिवसांसाठी घेतलं. मी म्हटलं, "एका दिवसाच्या सहली इथूनही करू की!"

"बाबा, इट्स लिटरली डेझर्ट," सई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वफ्राला गेलो. वाळवंटात तिथे शेती आहे, हरितगृहं आहेत, शेळ्या, उंट, पोरांना बघायला शहामृग. आम्ही गेलो ते शेत अगदी टोकाला होतं. आईचं मात्र शहामृगाकडे लक्षच नव्हतं. "अगं बाई, वाळूत शेपू!" म्हणून ती एका वाफ्यापाशी जी बसली ती उठेना. तिथल्या बांगलादेशी कामगाराशी तिच्या नाशकातल्या हिंदीत गप्पा सुरू झाल्या. इतकी खूश मी तिला बाबा गेल्यापासून बघितली नव्हती. जेवताना तिने जाहीर केलं की परतीला ती सलीमभाईंच्या गाडीत बसणार, कारण नाझिमाभाभींकडून सांदणांचं प्रमाण लिहून घ्यायचं होतं.

जेवण झालं आणि वारा सुटला. धूळ उठायला लागली तसा मी सगळ्यांच्या मागे लागलो, चला, आवरा. दोन्ही गाड्या शेजारी शेजारी, इंजिनं चालू, काचा अर्ध्या खाली. मी स्टिअरिंगवर बसून मोबाइलवर रस्ता बघत ओरडलो, "एक!" दोन... तीन... सहा झाले. मग जरा थांबून अगदी बारीक आवाजात, "सात."

"आई, जोरात की!" मी म्हटलं.

"सात!" या वेळी स्वच्छ. थोडा वैतागलेला, आईचा असतो तसाच.

पलीकडून नाझिमाभाभी हसल्या. आईला त्या खाला, म्हणजे मावशी, म्हणायच्या. "खाला आज भलत्याच खुशीत हायत."

मी म्हटलं, "चला." मोबाइलवरून नजर उचलली ती सरळ रस्त्यावर.

खिरानला पोहोचायला चाळीस मिनिटं लागली. दोन्ही गाड्यांची दारं उघडली आणि सहा माणसं उतरली.

"खाला तुमच्या गाडीत ना?" सलीमभाई म्हणाले. "आमच्या गाडीत नाय बसल्या त्या. नाझिमा म्हणाली, आवाज तुमच्याकडनं आला."

आम्हाला तो त्यांच्याकडून आला होता.

परत जाताना मी गाडी कशी हाकली ते आठवत नाही. आई शेवटच्या हरितगृहाच्या मागे होती, पाण्याच्या टाकीला टेकवून ठेवलेली. कामगाराने तिच्या तोंडावर पाणी मारलं होतं, रुग्णवाहिकेला फोन केला होता. तीही धुळीत रस्ता चुकून आमच्या मागोमाग आली. हॉस्पिटलमध्ये डॉक्टर म्हणाले, हार्ट. अर्धा-पाऊण तास आधी आणलं असतं तर... मी त्यांना पुढचं विचारलं नाही.

त्या कामगाराला मी नंतर जाऊन भेटलो. तो म्हणाला, तुमच्या गाड्यांची इंजिनं चालू झाली तेव्हा मागच्या बाजूने बाईमाणसाच्या हाका येत होत्या. भाषा कळली नाही. घरचेच एकमेकांना बोलावताहेत असं वाटून तो पाइप गुंडाळत राहिला. गाड्या गेल्यावरही हाक आली, तेव्हा तो बघायला गेला. तिथून गाड्यांपर्यंतचं अंतर मी मोजलं. शंभर पावलं.

आईला घेऊन नाशिकला गेलो. वर्षाने मला एकच प्रश्न विचारला, "तिला सोडून निघालासच कसा?" मी सांगितलं, तिने नंबर दिला होता, सगळ्यांनी ऐकला. माझ्याच कानाला ते किती खोटं वाटत होतं म्हणून सांगू... वर्षा उठून आत गेली. तेराव्यापर्यंत ती माझ्याशी कामापुरतं बोलली.

परत आल्यावर काही आठवड्यांनी सई रडत रडत माझ्याकडे आली. निघतानाचा व्हिडिओ तिच्या मोबाइलमध्ये होता. शहामृग खिडकीतून दिसत होता म्हणून तिने तो घेतला होता आणि नंतर उघडायची हिंमत झाली नव्हती. मला... लाज वाटते सांगायला, मला आनंद झाला. पुरावा मिळाला! निदान वर्षाला कळेल की मी आईला विसरलो नव्हतो. मी तो न बघताच तिला पाठवला.

दहा मिनिटांत तिचा फोन आला. "दादा, यात सहाच आवाज आहेत."

"नीट ऐक."

"चार वेळा ऐकलं." तिचा आवाज थंड होता. "मग तू 'जोरात की' म्हणतोस. मग काहीच नाही. मग कुणीतरी बाई हसते. तुम्ही हसत होतात, दादा?"

तिने फोन ठेवला. त्यानंतर आजपर्यंत ती माझ्याशी बोललेली नाही. चूक तिची नाही, तिच्या जागी मी असतो तर मीही बोललो नसतो.

मग मी ऐकलं. इंजिनाचा आवाज, वारा, एक ते सहा. पोकळी. माझा आवाज, "आई, जोरात की!" पुन्हा पोकळी, आणि लगेच नाझिमाभाभींचं ते वाक्य. केतकीला, सईला, सलीमभाईंना, नाझिमाभाभींना, झोयाला, एकेकाला वेगवेगळं बसवून विचारलं. सगळे शपथेवर सांगतात, 'सात' दोनदा ऐकलं. त्यांनाही तो व्हिडिओ ऐकवला. सलीमभाई तो ऐकून उठले आणि नमाजाला निघून गेले.

माझ्याकडे याचं स्पष्टीकरण नाही. सहा जणांना एकाच क्षणी, एकच भास, तोही दोनदा कसा होतो, हे तुमच्यापैकी कुणाला ठाऊक असेल तर जरूर कळवा. मी ते वर्षाला पाठवीन, तिने वाचलं तर वाचलं. मला स्वतःला त्याचा उपयोग नाही. कामावर मी अजूनही पोरांना चेहरे बघायला शिकवतो आणि माझी जीभ झडत नाही. माझी आई शंभर पावलांवर जीव तोडून हाका मारत होती, त्या आमच्यातल्या एकालाही ऐकू आल्या नाहीत. आणि जे ती म्हणालीच नव्हती ते आम्ही सगळ्यांनी स्पष्ट ऐकलं, आणि निघालो.