पाध्ये सरांची बारोलो

रस्त्याच्या धंद्यात दोन गोष्टी फुकट मिळतात, धूळ आणि किस्से. धूळ आंघोळीला निघून जाते हो, किस्से मात्र साठतच जातात! आमच्या पनवेलच्या ऑफिसात कोणी नुसतं चहाला आलं तरी पाध्ये सरांच्या बाटलीचा विषय निघतोच. मग मीच सांगते, कारण बाकीचे मीठमसाला फार लावतात.

*

पाध्ये सर आमचे सीनियर इंजिनीअर. सगळं आयुष्य डांबरात गेलेलं. त्यांची लेक इटलीत असते. तिने सरांना आणि काकूंना तिकडच्या डोंगरातल्या एका पिढीजात वाइनवाल्याकडे नेलं. पणजोबांच्या वेळची लाकडी पिंपं, एकेक खोलीएवढं! म्हाताऱ्या मालकाने सरांना तिथल्या बारोलो वाइनची एक बाटली दिली आणि बजावलं, "दहा वर्षं हात लावायचा नाही. आत्ता उघडलीत तर नुसती तुरट लागेल."

सर परत आले ते भारावूनच. "अगं, हा माणूस आज जी बाटली भरतो ना, ती त्याचा नातू उघडणार! आणि आपला रस्ता दोन पावसाळे टिकला तर आपण पेढे वाटतो."

*

त्याच म्हाताऱ्याने तिथे एक जुनी बाटली फोडून विचारलं होतं, वास कसला येतोय? सरांनी ग्लासात नाक घातलं आणि चाचरत म्हणाले, "डांबर."

लेकीने कपाळावर हात मारला. म्हाताऱ्याने मात्र उठून सरांना मिठीच मारली! बारोलो मुरली की तिला गुलाबाचा आणि डांबराचाच वास येतो म्हणे.

हे ऐकून आमचे प्लांट सुपरवायझर, उरणचे नझीरभाई उसळले. "या अल्ला! आमी जिंदगी काढली डांबरात, आमाला कोनी मिठी मारली नाय!"

*

आता बाटली ठेवायची कुठे? तापमान जराही हलता कामा नये, ही म्हाताऱ्याची अट. आमच्या लॅबमध्ये काँक्रीटचे ठोकळे पाण्यात मुरवायची टाकी आहे, तिचं तापमान कायम एकसारखं असतं. सरांनी बाटली बेधडक त्यात आडवी केली! वर म्हणाले, "मुरवणं म्हणजे क्युअरिंगच की हे."

पुढच्या आठवड्यात क्लायंटचा माणूस तपासणीला आला. टाकीतून ठोकळा काढला, तर त्याला इटालियन लेबल चिकटलेलं.

"हे काय?"

नझीरभाईंनी पापणीही लववली नाही. "इम्पोर्टेड सिमेंट."

संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर लेक किंचाळली, "बाबा, सत्तावीस डिग्री? वाइन उकडायची आहे का?" त्याच दिवशी बाटली सरांच्या बेडरूममध्ये गेली, आणि तिथला एसी रात्रंदिवस सुरू झाला. काकू कोणालाही सांगायच्या, "मे महिन्यात पनवेलमध्ये स्वेटर घालून झोपणारी मी एकटीच!"

*

काकूंचं नाक म्हणजे आमच्या लॅबपेक्षा भारी. सर साइटवरून डांबराचा वास घेऊन आले आणि लिफ्टचं दार उघडलं, की आतून आवाज यायचा, "आलात का हो? आधी हातपाय धुवा, मग घरात या!" बेल वाजवायची वेळच कधी आली नाही. एकदा नझीरभाई सोबत होते, तर आतून आवाज आला, "दोघंही धुवा!" आम्ही चाटच पडलो होतो.

मग एका तापात काकूंचं नाक गेलं. डॉक्टरांनी रोज लवंग, लिंबू, गुलाब हुंगायला सांगितलं. काकू हुंगायच्या आणि मान हलवायच्या. समोर डाळ करपून कोळसा झाली तरी त्यांना कळलं नाही. त्या दिवसापासून त्यांनी स्वयंपाकघर सोडलं, आणि हळूहळू बोलणंही.

एकदा सर ऑफिसात आले, बॅग ठेवली आणि एवढंच म्हणाले, "काल मला बेल वाजवावी लागली." मला तर रडूच आलं.

*

दहा वर्षं पुरी व्हायला अजून अवकाश होता, पण सरांनी बाटली उघडायचं ठरवलं. लेक फोनवर ओरडत होती, "वाया जाईल बाबा!" सर म्हणाले, "गेली तर गेली. मला आता थांबवत नाही." आणि रविवारी दुपारी त्यांनी आम्हाला घरी जेवायला बोलावलं.

बूच निघालं, वाइन काचेच्या जगमध्ये ओतली, आणि तिला हवा लागावी म्हणून सरांनी आम्हाला ताटकळत ठेवलं. नझीरभाई कोकम सरबत घेऊन बसले होते. वाइनचा रंग भाजलेल्या विटेसारखा. मी ग्लास नाकाशी नेला. आधी गुलकंद आला, आणि मग खरंच हो, उन्हात नुकताच अंथरलेला रस्ता! टाकीत उकडूनही ही बाई जिवंत होती!

सरांनी ग्लास काकूंपुढे धरला. त्यांनी लवंगेसारखा तोही हुंगला आणि मान हलवली. "राहू दे हो."

सरांचा चेहरा मला बघवेना. मी आपली पानं घेतली. सर काकूंच्या शेजारी बसून भात वाढू लागले. ग्लास काकूंसमोर तसाच राहिला.

आमटी वाढून झाली, तेव्हा काकूंनी तो पुन्हा उचलला. डोळे मिटले. बराच वेळ नाक आतच ठेवलं. एक लांब श्वास घेतला.

"आलात का हो?" त्या म्हणाल्या. "आधी हातपाय धुवा, मग घरात या!"

सरांनी भाताचा डाव खाली ठेवला, उठले आणि हातपाय धुवायला गेले.