टाच टेकली, चवडा टेकला

माझ्या नाकावर राग असतो, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. गेल्या उन्हाळ्यात सासूबाईंनी त्या रागाची चांगलीच परीक्षा घेतली. न्हाणीत घसरून त्यांचा खुबा मोडला होता. ऑपरेशन झालं, हाड जुळलं, डॉक्टर म्हणाले, ‘‘आता रोज चाला.’’ पण आत्या (सासूबाईंना मी आत्याच म्हणते) भिंत सोडायला तयार नव्हत्या. आणि तोंडी एकच धोशा, ‘‘मला अक्काकडं माकणीला जायचंय. यष्टीनं. एकटीला.’’ दोघी बहिणी दर उन्हाळ्यात मिळून कुरडया घालतात. गाडी करून सोडते म्हटलं, तर त्यांना मिरच्या झोंबल्या. ‘‘म्या काय पोतं हाय व्हय, टाकलं गाडीत आन् नेलं?’’

मग सकाळी त्यांना घरामागच्या मैदानावर न्यायला लागले. एक हात काठीवर, दुसरा माझ्या खांद्यावर. पाऊल टाकायच्या आधीच त्या पडायला सुरुवात करायच्या, मनातल्या मनात. माझं तरी काय वेगळं होतं? पाय मैदानात आणि डोकं ऑफिसात शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या बाईशी भांडतंय.

ऑफिसातल्या योगशिबिरात ऐकलेलं आठवलं. म्हटलं, ‘‘आत्या, भीती सोडा. श्वासावर लक्ष ठेवा आणि चाला.’’

झालं! आत्या जागच्या जागी थांबल्या, काठीवर दोन्ही हात ठेवले आणि डोळे मिटले. मागून आमच्याच बुद्धविहारातल्या दोन बायका येत होत्या. त्यांनी तर सरळ मातीत मांडी घातली. सगळ्यांनाच रविवारी विहारात आनापानाला, म्हणजे श्वासाच्या ध्यानाला, बसायची सवय. श्वास म्हटलं की डोळे बंद. पळायला आलेली माणसं आम्हाला वळसा घालून जाऊ लागली.

‘‘अहो आत्या, डोळे मिटून कुणी चालतं का?’’

‘‘डोळं उघडं ठिवून ध्यान आसतंय व्हय?’’ त्यांनी मलाच विचारलं.

मी चिडले, आणि मातीत बसलेल्या त्या दोघींकडे बघून मलाच हसू फुटलं. मग आम्ही चौघीही हसत सुटलो.

‘‘बरं, श्वास राहू द्या,’’ मी म्हटलं. ‘‘टाच टेकली का, चवडा टेकला का, एवढंच मला सांगा.’’

त्या अख्ख्या मैदानाला सांगू लागल्या. ‘‘टेकली टाच! टेकला चवडा!’’ मागच्या दोघीही सुरात सूर मिसळायला लागल्या. सुरुवातीला मला लाज वाटायची. मग मीही पुटपुटू लागले, आणि एका सकाळी लक्षात आलं की ऑफिसातली शेजारीण आज डोक्यात फिरकलीच नाही. लई बरं वाटलं. त्याच सकाळी आत्यांचा हात माझ्या खांद्यावरून कधी निघाला, ते त्यांनाही कळलं नाही. मी आपली टाच-चवडा पुटपुटत चालत राहिले.

कुरडयांचे दिवस आले तशा आम्ही धाराशिवच्या स्टँडवर गेलो. गाडीची पायरी उंच. कंडक्टरनं हात पुढं केला. ‘‘थांब बाबा,’’ आत्या म्हणाल्या, ‘‘आदी टाच टेकू दी.’’ मागं रांग खोळंबली होती. कुणी काही बोललंच, तर त्याला दोन शब्द सुनावायच्या तयारीत मी उभी होते. पण कुणी बोललं नाही. त्या चढल्या, आत गेल्या आणि खिडकीशी बसल्या.

गाडी हलली. मी डोळे पुसत, हात हलवत गाडीसोबत चालू लागले आणि एका खड्ड्यात धडपडले.

‘‘अगं, ध्यान कुठंय तुझं? खाली बघून चाल की!’’ सगळ्या गाडीसमोर त्या माझ्यावर ओरडल्या.

एरवी मी चिडले असते; आज तिथूनच ओरडले, ‘‘टेकली टाच! टेकला चवडा!’’ इतका आनंद झाला होता.