गादीखालचा खटका

माझी आत्या शाळेत विज्ञान शिकवायची आणि अख्खी शाळा तिला कंगवाबाई म्हणायची. विजेचा धडा आला की ती पर्समधून प्लॅस्टिकचा कंगवा काढायची, डोक्याला तेल न लावलेलं एखादं पोरगं पुढे बोलवायची, त्याच्या केसांवरून कंगवा खसाखसा फिरवायची आणि टेबलावरच्या कागदाच्या कपट्यांवर धरायची. कपटे टुणकन उडून कंगव्याला चिकटायचे. "घासल्यामुळे केसांतले थोडे इलेक्ट्रॉन कंगव्यावर आले," ती सांगायची. "आता ते तिथंच ठाण मांडून बसणार, कारण पुढे जायला वाट नाही. म्हणून ही स्थिर वीज. वाहायची असेल तर वाट हवी, आणि तीही निघाली तिथं परत येणारी." टोपणनाव तिच्या कानावर होतंच. तिला ते मनापासून आवडायचं.

हे वेड तिला लागलं आजोबांच्या दुकानात. आजोबा शिंपी. कोरड्या हवेच्या दिवसांत टेरिलीनचं कापड गठ्ठ्यातून ओढलं की चटचट आवाज व्हायचा आणि बोटाला चटका बसायचा. "अण्णा, कापड चावतं का हो?" असं तिनं लहानपणी विचारलं, तेव्हा आजोबा म्हणाले, "चावतं खरं. का चावतं ते तू शिकून ये आणि मला सांग." ती शिकून आली आणि सांगितलंही. आजोबांना त्यातलं किती कळलं देव जाणे, पण पुढे कितीतरी दिवस ते गिऱ्हाइकांना टाके घालता घालता इलेक्ट्रॉन समजावून सांगत होते.

आत्यानं लग्न केलं नाही. का, असं विचारायची आमच्या घरात कुणाची टाप नव्हती. ती आणि आजोबा दोघंच राहायचे. मला नोकरी त्यांच्याच गावात लागली, म्हणून मीही तिथं राहायला गेले. तोवर आत्या निवृत्त होऊन पुढच्या खोलीत शिकवण्या घ्यायला लागली होती आणि आजोबांनी मागच्या खोलीतला पलंग धरला होता. पाय अगदीच लटपटायचे. आत्यानं उशाशी घंटेचं बटण बसवून दिलं, पण आजोबा ते दाबतील तर शपथ. "पोटच्या पोरीला घंटा वाजवून बोलावू? मी काय साहेब आहे?" एका दुपारी पाण्यासाठी स्वतःच उठले आणि आडवे झाले. हाड वाचलं, पण माझे बाबा धावत आले आणि बहिणीला सरळ म्हणाले, "ताई, आता पुन्हा पडले तर मी त्यांना वृद्धाश्रमात ठेवणार. तिथं चोवीस तास माणूस असतं."

त्या दिवशी आत्या नीट जेवली नाही. आजोबा दुसऱ्या कुणाच्या हातचं पाणी पिणार, ही कल्पनाच तिला सहन होत नव्हती.

दुसऱ्या दिवशी तिनं उलट्या बाजूनं विचार केला. घंटा माणसानं वाजवली तर वाजते, आणि सेल उतरले तर वाजतच नाही. मग आपण समजतो सगळं ठीक आहे. त्यापेक्षा ठीक असेल तोवर दिवा लागलेला राहू दे. तिनं पुठ्ठ्याचे दोन तुकडे घेतले, दोन्हींवर ॲल्युमिनियमचा कागद चिकटवला आणि मध्ये भोकं पाडलेला स्पंज घातला. हे गादीखाली ठेवलं आणि वर आजोबांचं वजन पडलं की भोकांतून कागदाला कागद टेकणार, परिपथ पूर्ण होणार आणि तिच्या टेबलावरचा छोटा लाल दिवा लागणार. वजन हटलं, तार तुटली, सेल संपले, काहीही झालं तरी दिवा विझणार. या खटक्याला खोळ शिवली खुद्द आजोबांनी, पलंगावर बसल्या बसल्या, दुहेरी शिवण घालून. बाप-लेक दोघंही भलतेच खूश होते.

दिवा झकास चालला. आत्या डोळ्यांच्या कोपऱ्यातून त्याच्याकडे बघत शिकवायची. आधी ती दर थोड्या वेळानं उठून आत डोकावायची, "अण्णा, बरं आहे ना?" करायची. आता त्याची गरज उरली नव्हती.

मग दिवा दगा द्यायला लागला. शिकवणी रंगात आली की नेमका विझायचा. आत्या खडू टाकून धावायची. आजोबा पलंगावर शाबूत! "काही नाही गं. आलीच आहेस तर जरा बस." तिनं सेल बदलले, तार बदलली, जोड खरवडून पुन्हा पिळले, स्पंज पातळ केला. पोरांना वर सांगितलं, "दोष शोधताना एका वेळी एकच गोष्ट बदलायची." तरीही दिवा विझतच होता. मला वाटलं, बाईंचं विज्ञान आता म्हातारं झालं. तसं मी बोलूनही दाखवलं आणि एक जळजळीत कटाक्ष मिळवला.

शेवटी एका दुपारी तिनं पोरांना गणितं दिली आणि मागच्या खोलीच्या दाराआडून आत बघत उभी राहिली. मी तिच्यामागे होते. आजोबांनी कानोसा घेतला. पलंगाची कड दोन्ही हातांनी धरली, दात-ओठ खात अंग उचललं आणि खटक्यावरून कडेला सरकवलं. एक पाय पलंगाखाली लोंबकळत होता. इंचभर अजून सरकले असते तर खालीच.

आत्यानं झेप घेऊन त्यांना धरलं. "अण्णा, पडाल ना! मग हिचा बाबा तुम्हाला घेऊन जाईल, कळतंय का?"

"कळतंय," आजोबा तिची नजर चुकवत म्हणाले. "पण दिवा लागलेला असला की तू येतच नाहीस."

आत्या त्यांच्याशेजारी पलंगावर बसली. बराच वेळ तिनं त्यांचा हात सोडला नाही. बाहेर पोरांचा गोंगाट सुरू झाला, तरी कुणी ओरडायला गेलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून शिकवणी मागच्या खोलीत भरायला लागली. कंगवा आता आजोबांच्या पांढऱ्याशुभ्र, भुरभुरीत केसांवर घासला जायचा. ते केस असे उभे राहायचे की पोरं हसून लोळायची आणि आजोबा ऐटीत सांगायचे, "इलेक्ट्रॉन!" खटका गादीखाली तसाच राहिला. आत्या स्वयंपाकात असली की दिवा उपयोगी पडायचा, म्हणून ती दर आठवड्याला सेल बदलायची. आजोबा पुन्हा कधी पडले नाहीत.

थंडी सरता सरता एका सुट्टीच्या दिवशी मी बाजारातून आले. पुढच्या खोलीत कुणी नव्हतं. टेबलावरचा लाल दिवा लागलेला दिसला, म्हणून मी निवांत चपला काढल्या, चहा टाकला, गाळला आणि तीन कप घेऊन आत गेले.

आत्या पलंगाला खुर्ची लावून बसली होती. आजोबांचा हात तिच्या हातात होता. तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि मला सगळं समजलं.

"आत्ताच गेले," ती म्हणाली. "माझ्याशी बोलत होते." मग त्यांचा हात न सोडताच म्हणाली, "बाहेरचा दिवा काढ गं. तो लागलेलाच असेल."