खंडेनवमीला बंद पडलेला सर्व्हर

घरातला पहिला पदवीधर मी. भूमच्या शेळीबाजाराचे भाव सांगणारी वेबसाईट मी घरच्याच जुन्या कॉम्प्युटरवरनं चालवायचो. "आपला सर्व्हर कधी बंद पडत न्हाय," असं व्यापाऱ्यांना ऐटीत सांगून ठेवलं होतं. नेमकी खंडेनवमीला भर बाजारात त्यांच्यासमोर ती उघडेना.

"डिग्री बी बंद हाय का आज?" एकानं विचारलं.

तडक घर गाठलं. कॉम्प्युटर बंद करून, धूळ पुसून, आईनं त्याला हळदीकुंकू लावलं होतं. वर झेंडूचं फूल.

"आज अवजाराला काम लावत न्हाईत," ती म्हणाली. "पोळ्याला बैल जुंपतुस का?"

मी व्यापाऱ्यांना फोन लावला. "वार्षिक देखभाल चालू हाय. उद्या सुरू हुईल."

खोटं काय बोललो? वर्षभरात त्याची धूळ पहिल्यांदाच निघाली होती.