कावळ्यांशी वैर

सातारा-सांगली पट्ट्यात उन्हाळ्याची डोळे लावून वाट पाहणारा माणूस मी एकच पाहिला, तो म्हणजे माझ्या मावशीचे यजमान. बाकीचे लोक उन्हाच्या नावाने बोटं मोडत असताना हे गृहस्थ होळी झाली रे झाली की कुंडलमधल्या आपल्या घरामागच्या परड्यात पाखरांच्या पाण्यासाठी मातीचे परळ मांडायला घेत. "गारव्याच्या दिसांत पाखरू कुणाला इचारत न्हाई," ते म्हणत, "ऊन तापलं की झक मारत परड्यात येतंय." सुभेदार होऊन आणि एक पाय कायमचा अधू करून घेऊन काका पलटणीतून घरी आले होते. मूलबाळ नव्हतं. हुकूम सोडायची सवय शाबूत होती, पण मावशी हुकूम ऐकणाऱ्यातली नव्हती, तेव्हा ती सगळी सवय पाखरांच्या वाट्याला आली.

लिंबाच्या फांदीला शिंक्यात टांगलेले परळ बुलबुलांचे, जमिनीवरचे होल्यांचे आणि साळुंक्यांचे, आणि डाळिंबाखाली चाळून ठेवलेली मऊ माती चिमण्यांना लोळायला. रोज सकाळी बाजेवर बसून, चहाचा कप हातात धरून काका हजेरी घेत. सातभाईंचा कलकलाट आला की "आली बेशिस्त कंपनी!" म्हणून कपाळाला आठ्या घालत, आणि एखाद्या दिवशी दयाळ गायला नाही तर तो आजारी रजेवर आहे असं मावशीला गंभीरपणे कळवत. परड्यात खोकायचं नाही, धुणं झटकायचं नाही, शिंक आली तर घरात जाऊन द्यायची. एकदा मी साताऱ्याहून भर दुपारच्या एस्टीने घामाघूम होऊन पोचलो आणि पाणी मागितलं, तर काका ओठांवर बोट ठेवून म्हणाले, "दम धर. साळुंक्यांचं हुं दे, मग तुझं." आणि मी, चांगला नोकरीला लागलेला माणूस, साळुंक्या अंघोळ आटोपून अंग झाडेपर्यंत कोरड्या घशाने भिंतीला टेकून उभा राहिलो!

मावशीची तर दर उन्हाळ्याला लढाई ठरलेली. कुरडई हा तिचा जीव की प्राण. ती पहाटेपासून खपून परड्यात कुरडया घालायची, आणि चिमण्या दिवसभर त्या टोचायच्या. ती काठी घेऊन धावली की काका बाजेवरून ओरडत, "ऱ्हाऊ दे, शिधा हाय त्यो त्यांचा!" मावशी कमरेवर हात ठेवून म्हणे, "आवं, तुमची पाखरं माझ्या कुरडयांवर बाळसं धरत्यात आन् मला तळायला चुरा ऱ्हातोय." काका हसत. मावशीही हसे, पण तोंड फिरवून.

या पाखरांच्या राज्यात कावळ्याला मात्र थारा नव्हता. एका कावळ्याने काकांच्या डोळ्यांदेखत बुलबुलाच्या घरट्यातलं पिल्लू उचललं, त्या दिवसापासून काकांनी शेतातली गोफण आणून बाजेला अडकवली. कावळा लिंबावर टेकला की गोफण फिरे. खडा अंगाला लागू द्यायचा नाही, शेजारच्या फांदीवरच आदळायचा, इतका नेम साफ. पण कावळे ही जात अपमान विसरणारी नव्हे. काका बाजारात निघाले की कावळे छपराछपरांवरून त्यांची वरात काढत. न्हाव्यापुढे बसले असताना एकाने त्यांच्या अर्धवट भादरलेल्या डोक्यावर टोच मारली, आणि न्हावी वस्तरा टाकून घरात पळाला. काकांनी फेटा सोडून टोपी घातली, टोपीवर छत्री धरली, उपयोग शून्य. "टोपी बदलली," मावशी म्हणाली, "आता चाल कशी बदलनार?" लंगडता पाय काही लपवता येत नव्हता.

मावशी स्वतः मात्र रोज जेवायच्या आधी पुढल्या दारात जाऊन, काकांच्या नकळत, कावळ्याला घास टाकी. "कावळ्याशी उभा दावा मांडू नगासा," ती काकांना सांगे. "उद्या आपल्या पानाला त्योच शिवायचा हाय." काका म्हणत, "तवाचं तवा बघू."

ते 'तवा' फार लवकर आलं. बहात्तरच्या पावसाने दगा दिला आणि पुढचा उन्हाळा आला तो गावाच्या विहिरींचे तळ दाखवतच. ऊस जागच्या जागी वाळला. लांबच्या एका मळ्यातल्या विहिरीवरून मावशी पाणी आणायची. काकांच्या पायाला ती वाट झेपत नव्हती. परड्यात मात्र कधी नव्हे इतकी पाखरं उतरत होती, कारण आसपास दुसरीकडे थेंब नव्हता. काका मुकाट्याने आपल्या अंघोळीचं पाणी परळांत ओतायचे, पण तेवढ्याने भागेना, आणि मग मावशीची एक खेप पाखरांसाठीच होऊ लागली. तिला कुणी सांगितलं नव्हतं. "चोची उघड्या टाकून बसत्यात वो, बघवत न्हाई," एवढंच ती म्हणाली. वैशाखात एका दुपारी ती घागर घेऊन आली, उंबऱ्यात बसली आणि तापाने फणफणली. ऊन लागलं होतं. डॉक्टर यायच्या आत सगळं आटोपलं. ती घागर कुणासाठी होती हे कुणी बोललं नाही. मी मात्र मनातल्या मनात काकांवर भयंकर चिडलो होतो, आणि ते मला लपवतही येत नव्हतं.

आमच्याकडे तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जन असतं. गेलेल्या माणसाच्या आवडीचे पदार्थ पत्रावळीवर मांडतात आणि कावळा शिवेपर्यंत कुणी जागचं हलत नाही. नाही शिवला, तर जीव कशात तरी अडकलाय असं समजतात. ओढ्याच्या काठी भाकरी मांडली, ठेचा मांडला, कपात चहा ओतला, तळलेल्या कुरडया ठेवल्या. बाभळ कावळ्यांनी काळी झाली होती, पण एक खाली उतरेल तर शपथ. ऊन चढलं. माणसं कुजबुजू लागली. माझ्या मामांनी हात जोडले, "अक्का, दाजींना आमी अंतर देनार न्हाई." कावळे ढिम्म. शेजारची म्हातारी पुढे झाली, "आवं सुभेदार, तिच्या माघारी पाखरांना पानी घालीन म्हना." काकांनी घालीन म्हणून सांगितलं. तरी काही नाही.

काका बराच वेळ बाभळीकडे बघत राहिले. मग टोपी काढून त्यांनी हातात घेतली आणि म्हणाले, "तिचं काय बी अडल्यालं न्हाई. कावळं मला वळखत्यात. मीच जातो."

"आवं दाजी, तुमीच गेल्यावर कसं?" मामा म्हणाले.

"मी हाय तवर ती उपाशी ऱ्हानार," काका म्हणाले आणि चालू लागले. शे-दीडशे माणसं त्यांना वाट करून देत होती. लंगडत लंगडत ते पलीकडच्या देवळाच्या भिंतीआड गेले, आणि ते दिसेनासे होतात न होतात तोच बाभळीवरून एक कावळा उतरला, मग दुसरा, मग सगळी पत्रावळ झाकून गेली. लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि चपला शोधायला सुरुवात केली. मी भिंतीआड गेलो. काका भिंतीकडे तोंड करून उभे होते.

"शिवला?"

"शिवला."

"आधी काय उचललं?"

"कुरडई."

"व्हय," ते म्हणाले. "तिला लय आवडायची." माझा सगळा राग तिथेच गळून पडला. मला रडू आलं. काका रडले नाहीत.

पुढच्या उन्हाळ्यात मी मुद्दाम गेलो. लिंबाखालची बाज रिकामी होती, गोफण चुलीत गेली होती. परळ होते, पाणी होतं, पण लिंबावर कावळे येऊन बसत असल्यामुळे बुलबुल आणि चिमण्या फारशा फिरकत नव्हत्या. दगडावर मावशीची पितळी होती आणि तिच्यात भाकरी-कुरडई. काका आतल्या अंधाऱ्या खोलीत, मागचं दार लोटून, फटीला डोळा लावून बसले होते. उकाड्याने जीव जात होता. मी म्हटलं, "काका, बाहेर सावलीत चला की."

त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. फटीवरचा डोळा न हलवता हळूच म्हणाले, "नगं रं. मी भाईर गेलो की तिचं जेवान ऱ्हातंय."