तिसरी ताकीद

आमच्या थोरल्या जाऊबाईंना दवाखान्याच्या धुलाईखात्यात सगळे थापाबाई म्हणत, आणि त्यात म्हणणाऱ्यांची काही चूक नव्हती. उशीर झाला की यांची बस बंद पडलेली असायची. आमच्या घराजवळून बस जातच नाही. दुसरी खोड हाताची. धुवायला आलेल्या कोटांच्या, अ‍ॅप्रनच्या खिशात हात घातल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. लिमलेटची गोळी, पेन, केसांची पिन, जे मिळेल ते त्यांच्या पिशवीत जाई.

एका बाईला खिशातली सुई टोचली तेव्हापासून नियम झाला होता. कपडा वरून तळहातानं चाचपायचा, कडक काही लागलं तर मुकादमाला हाक मारायची, खिशात हात घालायचा नाही. जाऊबाईंना दोनदा लेखी ताकीद मिळाली होती. तिसऱ्यांदा सापडल्या की थेट घरी. भावजी अंथरुणाला खिळलेले, त्यामुळे जाऊबाईंचा हात कपड्यांच्या ढिगाकडे गेला की मी आधी मुकादम कुठं आहे ते बघायची.

मी मात्र नियमाची. रोज सकाळी देवापुढे हात जोडून, 'आज माझ्या हातून काहीतरी चांगलं घडू दे' असं म्हणून निघणारी. चाचपणीचं टेबल माझं, पुढचं वेगळे गठ्ठे करायचं त्यांचं.

त्या दिवशी मुकादम जेवायला गेला होता. जाऊबाईंनी एका अ‍ॅप्रनच्या खिशातून घडी घातलेली चिठ्ठी काढली. गोळी नाही म्हणून तोंड वाकडं केलं, मग वाचली आणि गुपचूप माझ्यापुढे धरली.

'खाट नऊ. बाराचं इंजेक्शन देऊ नये. याच औषधानं पूर्वी श्वास कोंडला होता, असं आई सांगते. डॉक्टरांना कळवणे.'

रात्रपाळीची सिस्टर चिठ्ठी खिशातच विसरून घरी गेली होती.

"पावणेबारा झालेत," जाऊबाई म्हणाल्या.

"मुकादमांना येऊ द्या."

"तो साडेबाराला येतो. फोनही त्याच्याच खोलीत, कुलपात."

"अहो, कुठं मिळाली विचारतील. नोकरी जाईल तुमची. ठेवा ती होती तिथं."

हे मी म्हणाले. आजही आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

त्यांनी अ‍ॅप्रनवर शिवलेला वॉर्डाचा आकडा पाहिला आणि जिन्याकडे धावल्या. मी मागोमाग. चौथ्या मजल्यावर पोचेपर्यंत बाराला पाच कमी होते. सिस्टर ट्रेमध्ये सुया मांडत होती.

"ही चिठ्ठी," जाऊबाई धापा टाकत म्हणाल्या. "जिन्यात सापडली."

सवयच ती. मला वाटलं, बरं झालं, सुटल्या.

सिस्टरनं चिठ्ठी वाचली आणि त्यांना ओळखलं. "थापाबाई, खाट नऊ प्रत्येक वॉर्डात आहे. वर सही नाही, तारीख नाही. जिन्यातल्या कागदावर औषध थांबवू? सरका बरं."

ती ट्रे घेऊन निघाली. जाऊबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.

"जिन्यात नाही," त्या म्हणाल्या. "खिशात होती. तुमच्याच वॉर्डाचा अ‍ॅप्रन, आज सकाळीच आलेला. मी हात घातला, गोळी मिळते का बघायला. दोन ताकिदी झाल्यात, ही तिसरी. लिहून घ्या. पण ते इंजेक्शन देऊ नका, बाई."

सिस्टर थांबली. तिनं ट्रे ठेवला आणि बाहेरच्या बाकावर बसलेल्या नऊ नंबरच्या आईला जाऊन विचारलं. परत आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. तिनं डॉक्टरांना फोन लावला.

चौकशी झाली. नोकरी राहिली, पण जाऊबाईंना चादरींच्या घड्या घालायला बसवलं. चादरींना खिसे नसतात. त्या अजूनही कुरकुरतात.

त्या आईनं त्यांचे हात धरले होते. "सकाळपासून देवाला म्हणत होते, कुणाला तरी पाठव. त्यानं तुम्हाला पाठवलं."

"मला?" जाऊबाई म्हणाल्या. "दुसरं कुणी मिळालं नसेल त्याला."

तो अ‍ॅप्रन आधी माझ्या टेबलावर आला होता. मी नियमाप्रमाणे वरून हात फिरवला, कडक काही लागलं नाही, आणि पुढे सरकवला.